एक रुपयाच्या नोटेपाशी मी का थांबलो

बँकेच्या रोख विभागात मी 31 वर्षे काढली. त्या काळात हाताखालून किती नोटा गेल्या याची गणती नाही, पण त्यांतली एकही नोट मी जुनी किंवा देखणी आहे म्हणून बाजूला काढली नाही. खिडकीपलीकडे माणसे रांगेत उभी असताना रोखपालाला नोटेचे दोनच प्रश्न पडतात : ती खरी आहे का, आणि ती पुन्हा चलनात देण्याजोगी आहे का. निवृत्तीनंतर मात्र नोट निवांत हातात धरून पाहण्याची ओढ लागली आणि पहिली दोन वर्षे जे मिळेल ते मी घेत सुटलो. पाच रुपयांची ट्रॅक्टरची नोट, शंभराची हिराकूड धरणाची नोट, कुठल्या तरी आफ्रिकी देशाच्या रंगीत नोटांचा संच, 786 क्रमांकाची दहाची नोट असे सगळे एका डब्यात साठत गेले. एका दिवाळीत पुतण्याने तो डबा उघडला, थोडे चाळले आणि विचारले, "काका, यात आधी काय बघायचं?" मला उत्तर देता आले नाही. जुन्या नोटांपैकी नेमके काय जमवायचे याचा विचार मी त्या दिवसापासून सुरू केला, आणि तो पक्का होण्यास जवळजवळ वर्ष लागले.

पहिला ओढा अर्थातच घराकडे होता. आमचे मूळ घर बीड जिल्ह्यातले, म्हणजे निजामाच्या राज्यातले. आजीच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कल्दार' हे दोन रुपये कायम येत. हाली म्हणजे हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया आणि कल्दार म्हणजे इंग्रजी राज्याचा. सहा कल्दार म्हणजे सात हाली, हा हिशेब तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. हैदराबाद संस्थानाने 1918 पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठीतही मूल्य लिहिलेले असे, आणि संस्थान भारतात विलीन झाल्यावरही हे चलन लगेच संपले नाही, ते 1950 च्या दशकात टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आले. या नोटांच्या कथाही विलक्षण आहेत. इंग्लंडमध्ये छापलेल्या हैदराबादच्या काही नोटा 'एस. एस. इजिप्त' या जहाजातून येत असताना 1922 मध्ये ते जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले, आणि पुढे दहा वर्षांनी समुद्रतळाशी असलेले सोने वर काढण्याची मोहीम झाली तेव्हा त्या नोटाही बाहेर आल्या. पाण्यात राहून विटलेल्या त्या नोटा आज संग्राहकांकडे सापडतात. मन तिकडे फार ओढले, हे मी मान्य करतो. तरीही मी त्या वाटेने गेलो नाही, कारण मला उर्दू वाचता येत नाही. ज्या नोटेवरची सही, साल आणि मजकूर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ती विकत घेताना आपण पूर्णपणे विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहतो, आणि माझ्यासारख्या नवख्याला ते परवडणारे नव्हते.

गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीच्या नोटांचाही विचार झाला. बँको नॅशनल अल्ट्रामारिनोने काढलेल्या रुपियाच्या नोटा आणि नंतरच्या एस्कुडोच्या नोटा दिसायला अतिशय देखण्या आहेत. सहा एस्कुडोंना एक रुपिया या भावाने चलन बदलले, त्यामुळे 1959 सालच्या नोटा 30, 60, 300, 600 अशा आज विचित्र वाटणाऱ्या मूल्यांच्या निघाल्या, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर त्यांचे आयुष्य संपले. विषय म्हणून हा संच आटोपशीर आहे. गोव्यात घर किंवा नातेवाईक असलेल्या माणसाने तो जरूर घ्यावा असे मी सुचवीन. माझे तिथे कोणी नव्हते, आणि ज्या नोटेला आपल्या घरातल्या कोणाचाही हात लागलेला नाही तिच्यासाठी माझा उत्साह टिकेना.

तिसरा मोह रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सह्यांचा होता. हा मार्ग बहुतेक भारतीय संग्राहक धरतात आणि त्यात गोडी आहेच. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी 1938 मध्ये निघाली, ती पाच रुपयांची होती आणि तिच्यावर जे. बी. टेलर यांची सही होती. त्यांच्यानंतर आलेले पहिले भारतीय गव्हर्नर म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेल्या माणसाची सही सहाव्या जॉर्जच्या चित्राशेजारी पाहताना मराठी माणसाला जे वाटते ते मी वेगळे सांगायला नको. बी. एन. आडारकर 1970 मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, तरी गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आहे. अमिताव घोष 1985 मध्ये फक्त 20 दिवस त्या खुर्चीत होते आणि त्यांची सही केवळ दहाच्या नोटेवर मिळते. पण हा मार्ग धरला की दोनपासून दहा हजारांपर्यंतच्या सगळ्या मूल्यांच्या नोटा त्यात येतात. 1954 मध्ये निघालेल्या एक हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा 16 जानेवारी 1978 रोजी रद्द झाल्या. त्यामुळे त्या फार थोड्या उरल्या आणि त्यांच्या किमती निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेर आहेत. जो संच आपल्याला कधीही पुरा करता येणार नाही असे पहिल्याच दिवशी ठाऊक आहे, तो हाती घेण्यात मला अर्थ वाटेना.

या सगळ्या शोधात एक रुपयाची नोट माझ्या समोरच होती, आणि ती मला दाखवून दिली आजीच्या ट्रंकेने. आजी गेल्यावर ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घड्यांत एक कापडी पिशवी सापडली. तीत ओटीत आलेल्या, आहेरात आलेल्या, भाऊबीजेच्या ओवाळणीच्या एकेक रुपयाच्या 23 नोटा होत्या. आपल्याकडे आहेर 11, 51 किंवा 101 रुपयांचा असतो. वरचा तो एक रुपया नसेल तर पाकीट अपुरे वाटते, म्हणून लग्नसराईत एकच्या कोऱ्या नोटांसाठी ओळखीचे लोक माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारत. पिशवीतल्या एका नोटेवर कुंकवाचे बोट उमटलेले होते. मी त्या नोटा जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि प्रथमच नीट वाचल्या, तेव्हा एवढ्या वर्षांच्या नोकरीत कधी न घडलेली गोष्ट घडली. प्रत्येक नोटेवर साल होते, आणि सही दर दोन-तीन नोटांमागे बदलत होती.

एक रुपयाची नोट इतर नोटांसारखी नसतेच. तिच्यावर 'भारतीय रिझर्व्ह बँक' असे नसून 'भारत सरकार' असे छापलेले असते, सही गव्हर्नरांची नसून अर्थ मंत्रालयाच्या सचिवांची असते, आणि धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे वचन तिच्यावर कुठेही नसते. वचनाची गरजच नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ही नोट म्हणजे नाणे आहे. 2011 च्या नाणे कायद्यातही 'नाणे' या शब्दाच्या व्याख्येत भारत सरकारची एक रुपयाची नोट समाविष्ट आहे. म्हणूनच तिच्यावर रुपयाच्या नाण्याचे चित्र असते. कागदावर छापलेले नाणे अशी ही वस्तू आहे, आणि तिच्या जन्माची हकिकत ऐकली की हे चित्र तिथे का आले ते कळते.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि दुर्मीळ झाली. तेव्हाचा रुपया 11.66 ग्रॅम वजनाचा, 91.7 टक्के चांदीचा होता. सैन्याचे पगार आणि युद्धाचा माल यांसाठी तेवढी नाणी पाडणे टाकसाळीला झेपेना, म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी सरकारने एक रुपयाची पहिली नोट काढली. तिच्यावर पाचव्या जॉर्जच्या मुखवट्याचा चांदीचा रुपया छापलेला होता, जणू लोकांना सांगत होता की हा कागद म्हणजे तोच रुपया आहे. या नोटा इंग्लंडमध्ये हातकागदावर छापल्या जात आणि 25 नोटांच्या पुस्तिकेत मिळत. चेकबुकातून चेक फाडावा तशी एकेक नोट फाडून द्यायची. त्यामुळे अस्सल नोटेची एक कड बहुधा दातेरी असते. खर्च परवडेना म्हणून 1926 मध्ये ही नोट बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात चांदीची तीच अडचण पुन्हा आली आणि 1940 मध्ये ती परत निघाली. तेव्हा चलनात आलेल्या काही नोटांवर 1935 साल आणि पाचवा जॉर्ज छापलेला आहे, म्हणजे राजा जाऊन चार वर्षे झाल्यावर त्याचे चित्र लोकांच्या हाती पडले. पुढे 1994 मध्ये छपाई पुन्हा थांबली आणि 2015 च्या मार्चमध्ये राजीव महर्षी यांच्या सहीने तिसऱ्यांदा सुरू झाली. दोनदा बंद होऊन दोनदा परत आलेली ही नोट शंभर वर्षांच्या पैशाच्या टंचाईचा आणि सुबत्तेचा आलेख आहे, असे मी मानतो.

मी मात्र स्वतःला स्वातंत्र्यानंतरच्या नोटांपुरते बांधून घेतले. 1949 मध्ये स्वतंत्र भारताची जी पहिली नोट निघाली ती एक रुपयाचीच होती. राजाचे चित्र गेले, सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि सही होती के. आर. के. मेनन यांची. तिथून 1994 पर्यंतच्या सह्या दीड डझनाच्या आसपास भरतात. साधे, मध्यम ऐपतीचे माणूस पाचसहा वर्षांत हा संच पुरा करू शकते, आणि वर एखादी नोट शोधण्यासाठी वाट पाहावी लागेल इतका तो अवघडही आहे. माझ्या मते चांगल्या निवडीचे माप हेच.

पण संख्येपेक्षा मला या सह्यांच्या पोटातल्या गोष्टींनी धरून ठेवले. के. जी. आंबेगावकर यांचे उदाहरण घ्या. ते 1957 च्या सुरुवातीला दीड महिना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पण गव्हर्नर म्हणून त्यांची सही कुठल्याही नोटेवर आली नाही. त्याआधी अर्थसचिव असताना केलेली सही एक रुपयाच्या नोटेवर आहे. म्हणजे गव्हर्नरांच्या सह्या जमवणाऱ्यालाही आंबेगावकर हवे असतील तर शेवटी एक रुपयाच्या नोटेकडेच यावे लागते. डॉ. मनमोहन सिंग यांची सही अर्थसचिव म्हणून एकच्या नोटेवर, आणि 1982 पासून गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. त्या दोन नोटा मी एकाच पानावर समोरासमोर ठेवल्या आहेत. पुतण्याला सर्वांत जास्त आवडलेली जोडी मात्र एच. एम. पटेल आणि आय. जी. पटेल यांची आहे. एच. एम. पटेल यांची सही 1957 च्या नोटेवर आहे, म्हणजे नव्या पैशाची दशमान पद्धत ज्या वर्षी 1 एप्रिलला सुरू झाली त्या वर्षीची. आय. जी. पटेल यांची सही 1969 च्या गांधी जन्मशताब्दीच्या नोटेवर आहे. 1978 मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या तेव्हा यांतले पहिले देशाचे अर्थमंत्री होते आणि दुसरे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. देशातल्या सर्वांत लहान नोटेवर सह्या केलेल्या दोघांच्या कारकिर्दीत सर्वांत मोठ्या नोटा गेल्या, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने दोन्ही नोटा पुन्हा हातात घेऊन पाहिल्या.

नोटांच्या पाठीमागेही पाहण्यासारखे आहे. 1980 च्या दशकातल्या नोटेवर समुद्रात उभा असलेला तेल काढण्याचा फलाट दिसतो. तो 'सागर सम्राट' आहे. याच फलाटाने 1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, ज्याला आपण बॉम्बे हाय म्हणतो तिथे, तेलविहीर खोदली. तो फलाट आपल्या किनाऱ्यापासून फार लांब नाही हे मला माहीत होते, पण आहेराच्या पाकिटात त्याचे चित्र घरोघर फिरत होते हे कधी लक्षात आले नव्हते. शिवाय स्वातंत्र्यानंतर या नोटा बराच काळ आपल्या नाशिकच्या छापखान्यातच छापल्या गेल्या. भारतात नोटा छापण्यास 1928 मध्ये नाशिकलाच सुरुवात झाली होती.

निवड ठरली तरी खरेदी शिकावी लागली. त्याची किंमत मी मेनन यांच्या सहीच्या नोटेत मोजली. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने ती मला 'कोरी करकरीत' म्हणून दिली आणि मी त्या भावाने घेतली. घरी आल्यावर दिव्याखाली धरली तेव्हा ती समोरून निर्दोष दिसली. पण दिवा बाजूला घेऊन नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरली, तेव्हा मधोमध एक पुसट रेघ उजेडात आली आणि तिला काटकोनात छेदणारी दुसरी. चौघडी केलेली नोट कोणीतरी पाण्यातून काढून इस्त्रीखाली दाबली होती. कागद पांढराशुभ्र झाला होता, पण बोटांत घेऊन हलवला तर तो वाजत नव्हता. कोऱ्या नोटेला एक करकरीत आवाज असतो, 31 वर्षे तो आवाज मी रोज ऐकला होता, आणि नेमका खरेदीच्या वेळी प्रदर्शनातल्या गलबल्यात मी तो ऐकायला विसरलो. तेव्हापासून नोट आधी तिरक्या उजेडात बघतो आणि मगच भाव विचारतो.

टाचणीच्या किंवा स्टेपलच्या भोकांना मात्र मी घाबरत नाही, आणि नव्या संग्राहकानेही घाबरू नये. त्या काळी नोटांच्या गड्ड्या स्टेपल करूनच येत. ही पद्धत 2001 नंतर रिझर्व्ह बँकेच्या स्वच्छ नोट धोरणामुळे थांबली. त्याआधीची जुनी नोट कोरी असूनही डाव्या बाजूला दोन बारीक भोके असलेली मिळणे हे स्वाभाविक आहे. सगळ्या नोटा निर्दोष हव्यात असा हट्ट धरला तर पैसा आणि वर्षे दोन्ही वाया जातात. माझ्या संचात 1950 च्या दशकातल्या नोटा मध्यम अवस्थेतल्या आहेत, एखाददुसरी घडी असलेल्या, पण कडा शाबूत आणि सही स्पष्ट असलेल्या. 1970 नंतरच्या नोटा मात्र मी कोऱ्याच घेतो, कारण त्या अजून पुष्कळ मिळतात आणि त्यांत तडजोड करण्याचे कारण नाही.

दोन गोष्टींपासून मी दूर राहिलो. एक म्हणजे फाळणीनंतर 'पाकिस्तान सरकार' असा शिक्का छापून तिकडे चालवलेल्या भारतीय नोटा. एक रुपयाची अशी नोट आहे आणि इतिहास म्हणून ती मोलाची आहे, पण साध्या जुन्या नोटेवर तो मजकूर नंतर छापून ती महाग विकणारे लोक आहेत, आणि खरे-खोटे ओळखायला जितका अनुभव लागतो तितका माझ्याकडे नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे क्रमांकांचा नाद. 786, एकसारखे सहा आकडे, जन्मतारखेचे क्रमांक यांत नोटेविषयी काही कळत नाही. 'ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या आणि लाखो रुपये घ्या' अशा जाहिराती तर सरळ फसवणूक असतात. आधी नोंदणीचे किंवा कराचे पैसे भरायला सांगायचे आणि मग गायब व्हायचे ही त्यांची रीत. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे पैसे उकळले जात असल्यामुळे बँकेलाच 2021 मध्ये लोकांना सावध करावे लागले. ती नोट कोट्यवधी छापली गेली आहे आणि कोणत्याही नाणीविक्रेत्याच्या टेबलावर ती ढिगाने पडलेली असते.

आजीच्या पिशवीतल्या 23 नोटांपैकी 14 नोटा मी संचात घेतल्या. संच लावताना घरातलीच नोट आधी आणि विकतची नंतर असा माझा नियम आहे, मग विकतची कितीही स्वच्छ असो. नोटा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत आहेत. पीव्हीसीची स्वस्त पाकिटे काही वर्षांनी चिकट होतात आणि नोटेची शाई धरतात, आणि लॅमिनेशन तर नोटेचा जीवच घेते. पावसाळ्यात मी अल्बम लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, आणि नवरात्राच्या सुमारास ऊन कडक झाले की ते उघडून कसर लागली आहे का, पिवळे डाग वाढले आहेत का हे पानोपानी पाहतो. नोटा उन्हात मात्र कधी ठेवत नाही. कुंकवाचे बोट उमटलेली नोट 1976 सालची आहे, मनमोहन सिंग यांच्या सहीची. तिच्यावरचा डाग काढावा का, असे एका जाणत्या संग्राहकाने विचारले होते, तेव्हा मी नको म्हणालो. ती वेगळ्या पाकिटात, अल्बमच्या शेवटच्या पानावर एकटी ठेवली आहे, कारण कुंकवाचा रंग दमट हवेत शेजारच्या नोटेला लागतो.